तीन बोटांचे अंतर

सज्जनहो, कीर्तन संपते, आरती होते, प्रसाद वाटला जातो, मंडळी पांगतात. आणि मग एखादा श्रोता खांबाआडून पुढे येतो. त्याला नमस्कार करून जायचे नसते, त्याला काही विचारायचे असते. कीर्तनकाराची खरी परीक्षा त्या वेळी होते. एरवी आपण बोलतो आणि लोक ऐकतात. येथे प्रकार उलटा असतो.

सुमारे दहा वर्षांपूर्वी अलिबाग तालुक्यातल्या एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. कीर्तन झाल्यावर एका कॉलेजात शिकणाऱ्या पोराने मला अडवले. म्हणाला, "महाराज, वर देव आणि खाली आपण, असं तुम्ही सांगता. मग मधली हद्द कुणी आखली? आणि ती ओलांडायची की पाळायची?" मी शास्त्राप्रमाणे उत्तर दिले. अज्ञानाचे आवरण, ढग आणि सूर्य हा दृष्टांत, ज्ञानाने आवरणभंग. पोराने मान डोलावली, पण त्याचे समाधान झाले नाही हे मला दिसत होते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. त्याने दोन गोष्टी विचारल्या होत्या आणि मी एकीचेच उत्तर दिले होते.

मागच्या बाकावर ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते. काळी टोपी, हातात काठी. ते जवळ आले आणि म्हणाले, "बुवा, आम्ही बेने इस्रायल. उद्या घरी चहाला या. त्या पोराच्या प्रश्नावर आमच्या ग्रंथांत एक गोष्ट आहे."

कुलाब्याकडची जुनी माणसे या समाजाला ओळखतात. हे लोक शेकडो वर्षे किनाऱ्यावरच्या गावांत राहिले, तेलाचे घाणे चालवीत राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत राहिले. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बोली मराठी, आडनावे गावांवरून, जशी तुमची आमची. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या काहींनी आपल्या धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठीत कीर्तने रचली आणि केली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. थोडी घरे राहिली, त्यांतले हे एक.

चहा घेता घेता काका म्हणाले, "आमच्या कोकणातल्या पूर्वजांना कबाला ठाऊक नव्हता हं बुवा. त्यांना शनिवार ठाऊक होता. मी हे सगळं म्हातारपणी वाचलं." मग त्यांनी जे सांगितले आणि नंतर मी स्वतः जे वाचले, ते मिळून येथे मांडतो.

कबाला हे यहुदी लोकांचे अध्यात्मशास्त्र. या हिब्रू शब्दाचा अर्थ 'घेतलेले', म्हणजे परंपरेने हाती आलेले. आपण 'संप्रदाय' म्हणतो त्यात 'दा' धातू आहे, देणे. तिकडे घेणे आहे. व्यवहार एकच, फक्त एकाने देणाऱ्याच्या बाजूने नाव ठेवले, दुसऱ्याने घेणाऱ्याच्या. आणि हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. अरबी भाषा हिब्रूची बहीण. तिच्यातला याच धातूचा शब्द आपण रोज वापरतो. 'मला कबूल आहे' म्हणतो ना, तोच हा.

या शास्त्राचा मुख्य ग्रंथ झोहर. तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झाला. परंपरा त्याचे कर्तृत्व दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाय या ऋषितुल्य पुरुषाकडे देते. संशोधक ते बहुतांशी मोशे दे लेओन याच्याकडे आणि त्याच्या मंडळीकडे देतात. पुढे सोळाव्या शतकात गालील प्रांतातल्या सफेद या डोंगरी गावात या विद्येचा मोठा मेळा जमला. तेथे मोशे कोर्दोवेरो याने या विद्येची शिस्तीने मांडणी केली. १५७० साली तो वारला, आणि त्याच वर्षी इसहाक लुरिया तेथे आला. लुरिया १५७२ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. सफेदमध्ये तो जेमतेम दोन वर्षे होता आणि स्वतः त्याने फारच थोडे लिहिले. परंतु हाईम वितल या शिष्याने त्याची वचने टिपून ठेवली आणि तीच पुढे सर्वत्र पसरली.

आता त्यांचा सिद्धांत थोडक्यात पाहू. परमेश्वराचे मूळ रूप ते 'एन सोफ', म्हणजे ज्याला अंत नाही ते. त्याला गुण नाही, रूप नाही, त्याविषयी बोलणेच नाही. त्यापासून दहा तेजे प्रकट झाली, त्यांना सेफिरोत म्हणतात. सर्वांत वरचे केतेर, म्हणजे मुकुट. सर्वांत खालचे मलखुत, म्हणजे राज्य. मध्ये ज्ञान, कृपा, न्याय, सौंदर्य इत्यादी. आणि लोक चार. अत्सिलुत, जेथे सर्व काही अजून ईश्वराशी लगटून आहे. बेरिया, जेथे सृष्टी वेगळी झाली. येत्सिरा, जेथे तिला आकार आला. आणि असिया, ही आपली कामाधामाची, पोटापाण्याची दुनिया.

पहिला लोक आणि खालचे तीन लोक यांच्यामध्ये एक पडदा आहे, असे लुरियाच्या परंपरेत सांगतात. त्याला पारसा म्हणतात. हीच ती हद्द. पूर्वी यरुशलेमच्या मंदिरात पवित्र स्थान आणि परमपवित्र स्थान यांच्यामध्ये निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुतांचा, देवदूत विणलेला पडदा असे. त्याच्या आत फक्त मुख्य याजक जाई, आणि तोही वर्षातून एका प्रायश्चित्ताच्या दिवशी. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर जाळले. पण सिनेगॉगमध्ये धर्मग्रंथांच्या कपाटापुढे आजही पडदा असतो आणि त्याला मंदिराच्या पडद्याचेच नाव आहे, पारोखेत. काकांनी मला अलिबागच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगमध्ये तो दाखवला. त्यांची जुनी मंडळी सिनेगॉगला 'मशीद' म्हणत.

येथे कोणी शंका घेईल की, परमेश्वर जर दयाळू आहे तर त्याने मध्ये पडदा का घातला? बापाने लेकरापासून तोंड का लपवावे?

लुरियाने याचे उत्तर एका कथेने दिले. आरंभी त्या अनंताने स्वतःला आकुंचित केले, सृष्टीला जागा करून दिली. मग तेज धरण्यासाठी पात्रे केली आणि तेज ओतले. वरची पात्रे टिकली. खालच्या पात्रांना तो लोट सोसला नाही, ती फुटली. तेजाच्या २८८ ठिणग्या फुटक्या खापरांना चिकटून खाली पडल्या, आणि त्या पडझडीतून हे आपले जग उभे राहिले. म्हणून नंतरच्या मांडणीत पडदा आला. पडद्यातून पाझरून येते ते तेज खालच्याला सोसते. आई तान्ह्याला पहिला घास भरवते तेव्हा आधी फुंकर घालते. ते घास लांबवणे नव्हे, घास तोंडात जावा म्हणूनच ती फुंकर असते. लग्नातला अंतरपाट वधूवरांना दूर ठेवण्यासाठी धरतात काय? तो मंगलाष्टके होईपर्यंत धरायचा, आणि दूर करायचा म्हणूनच धरायचा.

पण माझ्यासारख्या पाठशाळेत घोकंपट्टी केलेल्याला लगेच वाटते की, हे तर आपलेच आवरण! तसे म्हणण्याची घाई करू नये. वेदान्तातले आवरण हे अज्ञानाचे कार्य आहे. ढग सूर्याला झाकत नाही, पाहणाराच्या डोळ्याला झाकतो, आणि ज्ञान झाले की ते जाते. कबालातला पडदा ही चूक नव्हे, ती कृपा आहे. तो फाडायचा नसतो. दोन शास्त्रे एका पारड्यात घालून सारखीच म्हणणे हा आदर नाही, आळस आहे. तरीही एवढे खरे की, पडद्याच्या वरच्या बाजूने पाहिले तर काय दिसते हा प्रश्न त्यांनाही पडला. रशियाकडचा श्नेऊर झल्मान (१७४५ ते १८१२) या हसिदी आचार्याने 'तान्या' ग्रंथात स्पष्ट म्हटले की, ते आकुंचन शब्दशः घ्यायचे नाही. देव कोठून निघून गेलेला नाही. हद्द आहे ती आपल्या बाजूने.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. दहावे तेज जे मलखुत, ते वरच्या लोकाचे शेवटचे टोक. आणि तेच खालच्या लोकाचा मुकुट होते. म्हणजे हद्द ही मोकळी रेघ नाही. तेथे कोणी तरी उभे आहे. मलखुतालाच ते शेखिना म्हणतात, देवाचे वसतिस्थान, देवाची सन्निधी. आणि तिची कल्पना स्त्रीरूपाने करतात. लोक देशोधडीला लागले तेव्हा तीही त्यांच्याबरोबर वनवासाला निघाली असे ते मानतात. उंबरठ्यावर बसलेली माय जशी अर्धी घरात, अर्धी अंगणात असते, आणि तिचे लक्ष बाहेर गेलेल्या लेकराकडे असते, तशी ती आहे. माणसाचे काम एवढेच की, भाकरी मोडण्यापूर्वी देवाचे आभार मानावेत, माप खरे ठेवावे, भुकेल्याला द्यावे. अशा प्रत्येक कृतीने एकेक ठिणगी उचलली जाते. याला ते तिक्कुन म्हणतात, दुरुस्ती.

हे झाले शास्त्र. आता काकांनी सांगितलेली गोष्ट. ती कबालाच्या ग्रंथांहून पुष्कळ जुनी आहे; बाबिलोनी तालमुदाच्या 'हगीगा' या भागात आहे. पण कबाला शिकणाऱ्या प्रत्येकाला ती आधी ऐकावी लागते, कारण हद्द ओलांडू पाहणाऱ्यांची ती गोष्ट आहे.

चार ज्ञानी पुरुष 'पारदेस' नावाच्या दिव्य बागेत शिरले. बेन अझ्झाय याने पाहिले आणि तो मेला. बेन झोमा याने पाहिले आणि त्याचे चित्त ढळले. तिसरा एलिशा बेन अबुया. त्याने बागेतली रोपेच कापली, म्हणजे धर्म सोडला. चौथा अकिवा, तो सुखरूप बाहेर आला. त्याने आत जाण्यापूर्वी सोबत्यांना बजावले होते की, शुभ्र संगमरवर दिसेल तेव्हा पाणी म्हणून ओरडू नका. काही कबालाकार याचा अर्थ असा करतात की, वरचे पाणी वेगळे, खालचे पाणी वेगळे असे म्हणू नका. दिसायला दोन असले तरी ते एकच आहे.

त्यातल्या बेन झोमाची गोष्ट आधी ऐका. एकदा त्याचे वृद्ध आचार्य येहोशुआ वाटेने येत होते. बेन झोमा समोर असून उठला नाही, त्याचे लक्षच नव्हते. त्यांनी विचारले, कोठे हरवलास? तो म्हणाला, मी वरचे पाणी आणि खालचे पाणी यांच्यामधली जागा पाहत होतो. ती फक्त तीन बोटे आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या दिवशी देवाने अंतराळ करून पाण्याचे दोन भाग केले, असे त्यांच्या ग्रंथात आहे. त्या हद्दीची जाडी याने मोजली होती! यावर आचार्य आपल्या शिष्यांना म्हणाले की, बेन झोमा अजून बाहेरच आहे.

सज्जनहो, मी हे ऐकून गप्प झालो. ज्याने हद्द बोटांनी मोजली तो बाहेर! आणि का बाहेर? मोजमाप चुकले असे आचार्य म्हणाले नाहीत. पण वर आणि खाली यांच्यामधले अंतर कळले, आणि समोरून म्हातारे गुरू येताहेत हे कळले नाही. मी चाळीस वर्षे माया, ईश्वर, जीव यांमधली अंतरे लोकांना सांगत आलो. तीन बोटेच काय, अर्धे बोटही सांगेन. आणि समोरून कोण येत होते?

आता तिसऱ्याची गोष्ट, म्हणजे एलिशाची. त्याने धर्म सोडला तेव्हा लोकांनी त्याचे नावही टाकले. त्याला 'आहेर' म्हणू लागले, म्हणजे 'तो दुसरा'. सर्वांनी त्याची वाट सोडली. एकट्या मेईर नावाच्या शिष्याने सोडली नाही. तो त्याच्याकडून शिकत राहिला. लोकांनी नावे ठेवली, तेव्हा कोणी जाणत्याने म्हटले की मेईरला डाळिंब मिळाले, त्याने दाणे खाल्ले आणि साल टाकली. पुढे कोर्दोवेरोने आपल्या मोठ्या ग्रंथाचे नाव 'डाळिंबांची बाग' ठेवले. बाग आणि डाळिंब हे शब्द वाचले की मला ही गोष्ट आठवते.

एका शनिवारी आहेर घोड्यावर बसून चालला होता. शनिवारी घोड्यावर बसणे हाच धर्मभंग. मेईर मागून पायी चालत होता, त्याच्या तोंडचे शास्त्र ऐकत. शनिवारी वस्तीच्या हद्दीपासून दोन हजार हातांपलीकडे जाऊ नये असा त्यांचा नियम आहे. काही अंतर गेल्यावर आहेर थांबला आणि म्हणाला, मेईर, आता मागे फीर. मी घोड्याच्या पावलांनी मोजले आहे, तुझी शनिवारची हद्द येथे संपली.

पाहा, ज्याने सर्व हद्दी मोडल्या तो शिष्याची हद्द मोजीत चालला होता! मेईर म्हणाला, तुम्हीही मागे फिरा. आहेर म्हणाला, पडद्यामागून मी ऐकले आहे की सर्वांनी परतावे, एका आहेराखेरीज. तरीही मेईरने त्याला धरून पाठशाळेत नेले. उपयोग झाला नाही. पण त्याने हात सोडला नाही.

येथे काका थांबले, आणि मला जे आठवायचे नव्हते ते आठवले.

मला ज्यांनी संस्कृत शिकवले ते गुरुजी फार विद्वान होते. लघुकौमुदी, तर्कसंग्रह, पंचदशी, सर्व त्यांच्या तोंडून मी घेतले. पत्नी गेल्यावर त्यांना दारूचे व्यसन लागले. पाठशाळेतून त्यांना काढले, कर्ज झाले, ते गावी जाऊन एका पडवीत राहिले. मी तेव्हा कीर्तनकार म्हणून नावारूपाला येत होतो. १९९४ साली त्यांच्या गावापासून दोन कोसांवर माझे कीर्तन होते. दुपारी एक मुलगा निरोप घेऊन आला, "गुरुजींनी विचारलंय, येऊन जातोस का?" मी म्हटले, वेळ नाही. वेळ होता. मी भ्यालो होतो, लोक काय म्हणतील म्हणून. माळकऱ्याने दारुड्याच्या दारात जायचे काय? चार महिन्यांनी ते गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने उतरून दिलेली पंचदशीची वही अजून माझ्या पेटीत आहे. तिच्यावरून मी आजही निरूपणाची तयारी करतो. मेईरने साल टाकली. मी दाणे खात राहिलो आणि झाडच टाकले.

मी हे काकांना सांगितले. ते म्हणाले, "बुवा, गोष्ट अजून संपली नाही."

आहेर मेला तेव्हा म्हणे वर पेच पडला. याने शास्त्र जपले म्हणून याला शिक्षा करता येत नाही, आणि पाप केले म्हणून याला आत घेता येत नाही. असा तो हद्दीवरच राहिला. मेईर म्हणाला, हे बरे नाही; त्याला शिक्षा होऊ द्या, म्हणजे तो पुढे तरी जाईल. मी मेल्यावर ते करीन. मेईर मेला, आणि आहेराच्या कबरीतून धूर निघू लागला. पुष्कळ वर्षांनी योहानान या आचार्याने तो धूर पाहून म्हटले, गुरूला जाळण्यात काय मोठेपणा? आपल्यातला एक जण, आणि आपल्याला त्याला सोडवता येऊ नये? मी मेल्यावर तो विझवीन. योहानान मेला आणि धूर थांबला. त्याच्या अंत्ययात्रेत कोणी म्हटले की, गुरुदेव, दारावरचा राखणदारसुद्धा तुम्हाला अडवू शकला नाही.

काका म्हणाले, "आणि बुवा, योहानानने एलिशाला कधी पाहिलेलंही नव्हतं. तो फार नंतरचा."

त्या वाक्याने मला धीर आला. उशीर झालेला असतो, पण काम उरलेले असते.

आता त्या पोराच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, जे मी त्या रात्री देऊ शकलो नाही. हद्द ओलांडायची की पाळायची? माझ्यापुरती पाळायची. व्रत, नेम, आहार, वाणी, यांची हद्द मी मोडणार नाही. मेईरनेही शनिवार मोडला नाही. याचा अर्थ व्यसनाला बरे म्हणावे असा कोणी काढू नये. परंतु दुसरा कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्यासाठी ती रेघ मला दिलेली नाही. दुसऱ्यासाठी त्या हद्दीवर जाऊन उभे राहायचे, जमेल तितका वेळ, त्याचा हात धरून. पडदा वरच्याने दयेने धरला असेल, तर आपण त्याची भिंत करू नये.

मी आता जेथे कीर्तनाला जातो तेथे मंडपात बसण्यापूर्वी एकदा बाहेर फेरी मारतो. मंडपाच्या कनातीपलीकडे अंधारात नेहमी कोणी तरी उभे असते. आत यायला लाजते. कोणी प्यालेला असतो, कोणाचे गावाशी वैर असते, कोणाला आत कोणी बोलावलेलेच नसते. माझ्यात आणि त्याच्यात एक कापड असते, तीन बोटेसुद्धा जाड नसते. मी त्याला नाव विचारतो आणि म्हणतो, "आत चला दादा, पुढे जागा आहे." कोणी येतो, कोणी येत नाही. जो येत नाही त्याच्याजवळ घटकाभर उभा राहतो. मग मृदंगावर थाप पडते आणि मला आत जावे लागते.